इमर्जन्सीच्या खिडकीवरचा एक रकाना: तुमचा नेहमीचा डॉक्टर कोण?

शुभ्रा_रात्रपाळी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गेले आठ महिने मी टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीच्या रजिस्ट्रेशनला आहे, तेही रात्रपाळी. माणूस आत आला की आधी नर्स बघते, मग मी चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत त्याच्या खाटेपाशी जाते. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, इन्शुरन्स, आणि मग एक रकाना येतो, 'प्रायमरी केअर डॉक्टर'. तो रिकामा ठेवला तर सिस्टीम पुढे सरकतच नाही, निदान 'नाही' तरी टिचकवावं लागतं. तर मी रात्रभर 'नाही' टिचकवत असते.

आता मी काही संशोधक वगैरे नाही, पण तेच तेच करून माणसाच्या लक्षात यायला लागतंच ना. गोऱ्या आजी-आजोबांना विचारलं की डॉक्टरचं नाव, त्यांच्या रिसेप्शनिस्टचं नाव, मागच्या मंगळवारी काय बोलणं झालं ते सगळं ऐकायला मिळतं. आपले देशी लोक आले तर फोनवर पोर्टल, म्हणजे आपल्या डॉक्टर-रिपोर्टचं ऑनलाइन खातं, उघडून दाखवतात. कृष्णवर्णीय पेशंट बरेचदा डॉक्टरचं नाही, जागेचं नाव सांगतात, 'काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी) क्लिनिकला जातो', आणि डॉक्टर कोण विचारलं तर म्हणतात दर वेळी वेगळा असतो. आणि स्पॅनिश बोलणारे कामकरी पुरुष म्हणजे सरसकट 'नाही'. त्यांच्या बायकांचं तरी बाळंतपणातलं कुठलं तरी क्लिनिक असतं.

मागच्या आठवड्यात एक जण आला, चाळिशीचा असेल, ड्रायवॉलचं (घरातल्या जिप्समच्या भिंती बसवायचं) काम करणारा, नखांत पांढरी पूड अडकलेली. शुगर पाचशेच्या वर, आणि त्याला डायबेटिस आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. बरोबर मुलगी, दहा-अकरा वर्षांची. मी फोनवर दुभाषी जोडेपर्यंत तीच भराभर उत्तरं द्यायला लागली. डॉक्टर कोण विचारलं तर तिने तिच्या पेडियाट्रिशियनचं, म्हणजे मुलांच्या डॉक्टरचं, नाव सांगितलं, म्हणे भावाचे पण तेच. आणि पपांचे? तर खांदे उडवले. एका घरात, एका पत्त्यावर, दोघा पोरांना डॉक्टर आणि बापाला नाही.

तर प्रश्न असा की हे निव्वळ पैशाचं आहे का? सारखाच पगार असलेला गोरा, काळा, मेक्सिकन घेतला तर फरक उरतो का? आणि 'क्लिनिक आहे पण डॉक्टर ठरलेला नाही' याने काही बिघडतं का, की मी उगाच विचार करतेय? कोणी या लाइनमधलं असेल तर सांगा, गूगल करून डोकं भंजाळलं.

सदू_शिकागोकर

पैसा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. इथे जो तो प्रत्येक गोष्टीत वंश घुसवतो. मला सहा वर्षं झाली, इन्शुरन्स एकदम चांगला, आणि मलाही डॉक्टर नाही! ताप आला तर अर्जंट केअर, म्हणजे अपॉइंटमेंटशिवायचं क्लिनिक, वीस मिनिटांत मोकळा. तुमच्या रकान्यात माझंही 'नाही'च येईल, मग काय मी वंचित झालो का?

क्लिनिकवाली_मावशी

शुभ्रा, मी सतरा वर्षं कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये नर्स आहे, म्हणजे तुझ्याकडनं 'नाही' टिचकवून सुटलेली माणसं चिठ्ठी घेऊन येतात ती आमच्याकडे. येतात तेव्हा. दहातली किती येतात विचारू नकोस.

आधी पोरांचं आणि बापाचं सांगते, ते सोपं आहे. पोरं इथे जन्मलेली असणार, त्यांना मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) नाहीतर चिप मिळतं, चिप ही मुलांसाठीची योजना १९९७ पासूनची आहे. बापाला काय? तुमच्या राज्याने मेडिकेड वाढवलंच नाही. २०१० च्या ओबामाकेअर कायद्यात सगळ्या गरीब प्रौढांना मेडिकेड मिळणार होतं, पण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की राज्यांवर सक्ती करता येणार नाही, आणि टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, मिसिसिपी वगैरे मंडळी बाहेरच राहिली. टेक्सासात धडधाकट, मूलबाळ नसलेला माणूस कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड नाही. आईबापांना आहे पण उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली की अर्धवेळ काम केलं तरी ओलांडली जाते. त्यात कागदपत्रं नसतील तर विषयच संपला. ग्रीन कार्ड असलं तरी बहुतेक प्रौढांना पहिली पाच वर्षं थांबावं लागतं, तो नियम १९९६ चा.

बरं आमच्याकडे इन्शुरन्स लागत नाही. सरकारी गरिबीरेषेच्या खाली उत्पन्न असेल तर नाममात्र फी, दुपटीपर्यंत असेल तर उत्पन्न बघून सवलत, याला स्लायडिंग फी म्हणतात. एकट्या माणसासाठी ती रेषा २०२५ मध्ये वर्षाला १५,६५० डॉलर होती. मग लोक का येत नाहीत? तर ऐक. आमचं क्लिनिक सकाळी आठ ते पाच. फक्त मंगळवारी आठपर्यंत. ड्रायवॉलवाला सकाळी सहाला ट्रकमध्ये बसतो, दिवस बुडवला की दिवसाचे पैसे गेले आणि दुसऱ्या दिवशी मुकादम दुसऱ्याला घेऊन जातो. त्यामुळे तो दुखणं अंगावर काढतो, काढतो, आणि मग रात्री अकराला तुझ्या खिडकीवर. लोक म्हणतात हे इमर्जन्सीत गर्दी करतात. अहो ते एकच दार रात्री उघडं असतं! आणि १९८६ च्या कायद्याने त्या दाराला कोणाला तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. फुकट नसतं हं ते, बिल नंतर घरी येतंच, आणि ते बिल बघून माणूस पुन्हा वर्षभर कुठल्याच डॉक्टरकडे फिरकत नाही.

आणि भीती. फॉर्म भरला की नाव कुठेतरी चढेल ही भीती. २०२० मध्ये पब्लिक चार्जचा कडक नियम लागू झाला होता, सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल असा. २०२१ मध्ये गेला तो, पण आमच्याकडच्या काही आयांनी तेव्हा इथे जन्मलेल्या पोरांचंसुद्धा मेडिकेड बंद करून टाकलं होतं, ते परत सुरू करायला अजून घाबरतात. नियम बदलला हे कळवायला कोणी घरोघरी जात नाही ना.

आणि एक, रागावू नकोस, त्या मुलीकडून भाषांतर करून घेऊ नका. नियमातच आहे की जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलाला दुभाषी करायचं नाही. बाप पोरीसमोर सगळं सांगत नाही, आणि पोरगी बापाला सगळं सांगत नाही. आमच्याकडे एकीने आईला 'गाठ' शब्दाचं भाषांतर 'सूज' असं करून सांगितलं होतं. मुद्दाम. आई घाबरेल म्हणून. नऊ वर्षांची होती.

आकडेमोड

मी हेल्थ सर्व्हिसेस रिसर्चमध्ये आहे, हाच माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळे लांबण लागेल.

शुभ्राताई, तुमच्या रकान्याला आमच्यात 'युजुअल सोर्स ऑफ केअर' म्हणतात. आजारी पडलात किंवा सल्ला हवा असेल तर तुम्ही नेहमी जाता अशी एखादी जागा आहे का, असा प्रश्न सरकारी सर्व्हेत वर्षानुवर्षं विचारतात. गंमत म्हणजे कोणी 'इमर्जन्सी' असं उत्तर दिलं तर राष्ट्रीय आकडेवारीत ते 'जागा नाही' मध्येच धरतात. म्हणजे तुमचं 'नाही' बरोबरच आहे.

सदूभाऊ, तुमचं पैशाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उत्पन्न आणि इन्शुरन्स बाजूला काढून बघितलं की गोरे आणि लॅटिनो (मेक्सिको, दक्षिण अमेरिकेकडच्या मुळाचे लोक) यांच्यातला फरक बराच आकसतो. पण शून्य होत नाही. उरलेल्यातला मोठा वाटा भाषेचा आणि इथे येऊन किती वर्षं झाली त्याचा. इंग्रजी बोलणारा, इथेच जन्मलेला लॅटिनो गोऱ्यांच्या बराच जवळ जातो. कृष्णवर्णीयांचं चित्र वेगळं आहे, तिथे 'नेहमीची जागा आहे का' याचं उत्तर बरेच जण हो देतात, फरक दिसतो तो कुठली जागा यात. त्यांच्यात हॉस्पिटलची ओपीडी किंवा क्लिनिक सांगणारे जास्त, ठरलेल्या डॉक्टरचं नाव सांगणारे कमी. म्हणजे ताईंनी खिडकीवरून जे बघितलं तेच. याला वस्त्याही कारण आहेत, खासगी डॉक्टर दुकान तिथे थाटतो जिथे चांगला इन्शुरन्स असलेले पेशंट राहतात, मेडिकेड डॉक्टरला मेडिकेअरपेक्षाही (म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी इन्शुरन्सपेक्षाही) कमी पैसे देतं म्हणून कित्येक जण नवीन मेडिकेड पेशंट घेतच नाहीत. कार्डावर डॉक्टरचं नाव छापलेलं असतं, कंपनीने आपोआप लावून दिलेलं, पेशंटने त्याचं तोंडही बघितलेलं नसतं. असली कार्डं बघितली असतील ना तुम्ही?

आता 'डॉक्टर ठरलेला नसला तर बिघडतं का'. हो, बिघडतं. जागा ठरलेली असली तर लसी, बीपी तपासणं, मॅमोग्राम ही कामं होतात. माणूस ठरलेला असला तर त्याहून जास्त, कारण मागच्या खेपेला काय झालं ते त्याला आठवत असतं. सदूभाऊ, तुम्ही वंचित नाही, तुम्ही तरुण आहात. कुठल्याही वंशात, कुठल्याही पगारात तरुण पुरुषांचा रकाना सगळ्यात रिकामा असतो. फरक एवढाच की पंचेचाळिशीला तुम्ही ठरवलंत तर महिना-दोन महिन्यांत डॉक्टर मिळेल, ड्रायवॉलवाल्याला ठरवूनही मिळत नाही.

ओरेगॉनचा किस्सा सांगायलाच हवा. २००८ मध्ये त्या राज्याकडे मेडिकेडमध्ये थोड्याच लोकांना घ्यायचे पैसे होते, म्हणून चक्क लॉटरी काढली, ९० हजारांच्या आसपास लोकांनी नावं दिली. संशोधकांना आयतंच मिळालं, चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले. इन्शुरन्स मिळालेल्यांना नेहमीची जागा असण्याचं प्रमाण खूप वाढलं, डिप्रेशन कमी झालं, उधारी कमी झाली. पण इमर्जन्सीच्या फेऱ्या कमी नाही झाल्या, उलट ४० टक्क्यांनी वाढल्या! आणि बीपी, शुगरमध्ये दोन वर्षांत ठळक फरक दिसला नाही. दोन्ही बाजूचे लोक अजून यावर भांडतात. माझं मत विचाराल तर कार्ड म्हणजे दाराची किल्ली आहे, पण दारामागे कोणी बसलेलं नसेल किंवा दार संध्याकाळी पाचला बंद होत असेल तर किल्ली घेऊन माणूस जे दार उघडं आहे तिथेच जाणार.

अजून एक, 'देशी लोक पोर्टल उघडून दाखवतात' यावर. आशियाई म्हणून एकच खाना केला की सगळं गुलाबी दिसतं, कारण भारतीयांचे पगार तो आकडा वर ओढतात. त्याच खान्यात बर्मी निर्वासित आहेत, लाओसकडून आलेले हमोंग आहेत, त्यांची गत वेगळी. आणि मूळ अमेरिकन आदिवासींसाठी इंडियन हेल्थ सर्व्हिस आहे म्हणून लोक समजतात त्यांची सोय आहे, पण तो इन्शुरन्स नव्हे, ती दवाखान्यांची यंत्रणा आहे, आणि दवाखाने मुख्यतः रिझर्वेशनवर (आदिवासींच्या राखीव भूभागांवर) किंवा जवळपास, तर बहुसंख्य माणसं राहतात शहरात.

सदू_शिकागोकर

@आकडेमोड ओके, भाषा समजलं. पण काळे लोक इंग्रजीच बोलतात ना. मग तिथे पैसा सोडून काय उरतं? नीट समजून घ्यायचंय, भांडत नाहीये.

डेल्टाकाका

सदू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मी १९७९ पासून दक्षिणेत आहे, मिसिसिपीत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त.

माझ्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या काळ्या बायकांना हॉस्पिटलचं मागचं दार आठवायचं. गोष्ट सांगत नाहीये, खरोखर वेगळं दार, वेगळा वॉर्ड, बरेचदा तळघरात. १९४६ चा हिल-बर्टन कायदा आला, केंद्राच्या पैशाने गावोगाव हॉस्पिटलं बांधली, आणि त्या कायद्यातच लिहिलं होतं की वेगळं पण समसमान असेल तर चालेल. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोच्या काळ्या डॉक्टर-डेंटिस्टांनी खटला भरला आणि १९६३ मध्ये ते कलम कोर्टाने उडवलं. पण खरं काम केलं पैशानेच, इथे तुझा मुद्दा बरोबर आहे! १ जुलै १९६६ ला मेडिकेअर सुरू झालं आणि सरकारने सांगितलं, वॉर्ड वेगळे ठेवाल तर एक पैसा मिळणार नाही. काही महिन्यांत शेकडो हॉस्पिटलांच्या भिंती पडल्या. इतकी वर्षं जी गोष्ट नीतीने होत नव्हती ती चेकने झाली.

आता हिशोब कर, १९६६ मध्ये वीस वर्षांची असलेली बाई आज ऐंशीच्या घरात आहे. जिवंत आहे. तिने मुलींना सांगितलंय डॉक्टरकडे कधी जायचं आणि कधी नाही. वर अलाबामात टस्कीगीचं ते सिफिलिसचं प्रकरण, १९३२ पासून १९७२ पर्यंत चाळीस वर्षं शेकडो काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत राहिले, पेनिसिलिन निघालं तरी दिलं नाही. माझ्या गिऱ्हाइकांनी त्याबद्दल पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्यांना ते माहीत होतं, चुलत्याचं भांडण माहीत असतं तसं.

आणि बाजू दुसरीही आहे. मावशी ज्या सेंटरमध्ये काम करतात तसल्या सेंटरांची सुरुवात दोन जागी झाली, एक बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंटला आणि एक आमच्याच मिसिसिपीच्या डेल्टात, माउंड बायूला. माउंड बायू हे काळ्यांनीच १८८७ मध्ये वसवलेलं गाव. जॅक गायगर नावाचा गोरा डॉक्टर तिथे आला, बघतो तर पोरं उपाशी. त्याने औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस असं लिहायला सुरुवात केली, दुकानदार माल द्यायचे आणि बिल सेंटरच्या औषधांच्या खात्यावर. वॉशिंग्टनचे साहेब खवळले की फार्मसीचं बजेट औषधांसाठी असतं. तर हा म्हणाला की उपासमारीवर अन्न हेच औषध आहे, माझ्या पुस्तकात तरी तसंच लिहिलंय. फार्मासिस्ट म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. तिथे विहिरी खणल्या, संडास बांधले, भाजीचं सहकारी शेत काढलं. आजही या सेंटरांच्या संचालक मंडळात निम्म्याहून जास्त माणसं तिथले पेशंटच असावी लागतात, आणि आता देशभरात तीन कोटींच्या वर लोक अशा सेंटरांत जातात.

आकडेमोड

काका, वा! सदूभाऊंसाठी एक पुरवणी. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला, साधारण १३०० काळे पुरुष. त्यांना टॅब्लेटवर डॉक्टरचा फोटो दाखवला आणि विचारलं कुठल्या तपासण्या करून घेणार, शुगर, कोलेस्टेरॉल, फ्लूची लस वगैरे. फोटो बघून काहीच फरक पडला नाही, डॉक्टर काळा असो की नसो. पण डॉक्टरला प्रत्यक्ष भेटल्यावर, ज्यांना काळा डॉक्टर मिळाला त्यांनी जास्त तपासण्या करून घेतल्या. तपासण्या सगळ्यांना फुकटच होत्या, म्हणजे पैसा हा मुद्दाच नव्हता. त्या समोरासमोरच्या बोलण्यात काहीतरी होतं.

सदू_शिकागोकर

मान्य. आणि आता एक कबुली देतो, हे सगळं वाचताना बोच लागली म्हणून. माझे आईवडील दीड वर्षापूर्वी ग्रीन कार्डवर आले. बाबा ६९. मेडिकेअर पाच वर्षं राहिल्याशिवाय नाही, आणि मग पण इथे नोकरीची वर्षं भरलेली नसल्याने पैसे भरून विकत घ्यायचं. मार्केटप्लेसचा (सरकारी इन्शुरन्स-बाजारातला) प्लॅन घेतलाय, डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम, बघून बाबा म्हणतात मी काही जात नाही. त्यांच्या बीपीच्या गोळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेतून येतात आणि डॉक्टर म्हणजे तिकडचे जुने, व्हिडिओ कॉलवर, आमच्या रात्री साडेदहाला. परवा गोळी बदलली, इथे कोणालाच माहीत नाही. उद्या ते शुभ्राताईंच्या खाटेवर आले तर काय टिचकवणार तुम्ही?

शुभ्रा_रात्रपाळी

सदूदादा, 'नाही'च. परदेशातल्या डॉक्टरसाठी रकानाच नाहीये. पण गोळ्यांची पाकिटं जपून ठेवा आणि येताना बॅगेत घाला, नर्सला नाव वाचता आलं तरी पुष्कळ होतं.

मावशी, दुभाष्याचं पटलं, ऐकून पोटात कालवलं. फोनचा दुभाषी लागायला कधी कधी सात-आठ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मुलं बोलूनच टाकतात. आता मी मुलाला आधी रंगायचं पान देते आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसवते.

भीतीबद्दल म्हणालात, तर २०२४ च्या नोव्हेंबरपासून टेक्सासच्या हॉस्पिटलांना पेशंटला नागरिकत्वाबद्दलही विचारावं लागतं, तो प्रश्न पण माझ्याच स्क्रीनवर आला. उत्तराने उपचारात फरक पडणार नाही असं सांगायचं असतं, आणि उत्तर द्यायला नकार दिला तरी चालतं. मी ते वाक्य इतक्यांदा म्हणते की स्पॅनिशमध्ये पाठ झालंय. पण विचारल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते मला दिसतं ना. त्याच्यानंतर लगेच पुढचा रकाना डॉक्टरचा. त्या ड्रायवॉलवाल्याने तर त्या प्रश्नानंतर फोन नंबरही बदलून सांगितला, मुलीने त्याच्याकडे बघितलं म्हणून मला कळलं. आता रिपोर्ट कळवायचे तर कुठे कळवायचे?

सोडताना त्याला क्लिनिकच्या यादीचा कागद दिला. मावशी, एक विचारायचं होतं, त्याला रोख मजुरी मिळते, पे स्लिप वगैरे काही नाही. तुमच्या त्या स्लायडिंग फीसाठी काय आणायला सांगू?

क्लिनिकवाली_मावशी

प्रत्येक सेंटरचं थोडं वेगळं असतं, आधी फोन करायला सांग. आमच्याकडे मुकादमाची चिठ्ठी चालते, तीही नसेल तर स्वतः लिहून सही केलेलं चालतं. आणि कागदावर मंगळवारला पेनाने गोल कर, यादीत वेळा इतक्या बारीक छापलेल्या असतात की कोणी वाचत नाही.